बाचं दुखणं आणि माझं पत्रक

तुमचे वडील मांडी घालून जेवायला शेवटचे कधी बसले होते, हे तुम्हाला सांगता येईल का?

आठवून सांगा, अंदाजाने नको. मला हे कुणी विचारलं असतं तर मी मजुराच्या जेवणावर तासभर बोललो असतो, पण या प्रश्नाचं उत्तर देऊ शकलो नसतो. माझा बा जवळजवळ वर्षभर भिंतीला टेकून, एक पाय लांब पसरून, ताट दुसऱ्या मांडीवर घेऊन जेवत होता. मी त्याच्यासमोर बसून जेवत होतो. सरकार काय करतं, पुढारी काय खातात, कुणाच्या विहिरीवर कुणाला पाणी मिळत नाही, हे सगळं मला दिसत होतं. समोरचा पाय दिसला नाही.

आमचं गाव पिंपळगाव राजा नावाच्या गावाजवळचं. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीने गावकीची कामं टाकली होती. बा हंगामात कापसाच्या जिनात हमाली करायचा आणि उरलेलं वर्ष मिळेल त्या शेतात राबायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण छापील कागदाचं त्याला भलतं वेड. सभेला गेला की वाटलं जाणारं प्रत्येक पत्रक तो घडी न घालता, छातीशी धरून घरी आणायचा. ज्वारीच्या पिठाची खळ करून भिंतीला चिकटवायचा. आमच्या घराला चुना कमी आणि पत्रकं जास्त लागली होती. मी अक्षरं शाळेत गिरवली, पण वाचायला शिकलो ते त्या भिंतीवर. बा काठीने एकेक ओळ दाखवायचा आणि मी वाचायचो. 'उठा' हा शब्द मला 'आई'च्या आधी वाचता आला.

अशा घरात वाढलेल्या मुलाला दुसरं काय व्हावंसं वाटणार? मी खामगावला कॉलेजात शिकत होतो आणि पत्रकं लिहीत होतो. सुटीत गावी आलो की वस्तीतली माणसं मला मधोमध बसवून वाचायला लावायची. बा मात्र मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहून ऐकायचा. बसत नव्हता. मला वाटायचं, आदराने उभा आहे.

मायने मला पहिल्यांदा सांगितलं ते चुलीकडे तोंड करून. म्हणाली, तुह्या बाले खाली सूज हाय, लय दिवसाची हाय, दवाखान्यात ने. कुठे खाली, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे होते, तरुण, चष्मेवाले. आमची बोली त्यांना अर्धीच कळायची आणि समोर बसलेला हमाल आपलं बोलणं समजेल असं त्यांना वाटत नव्हतं. म्हणून ते बाच्याकडे बघून तपासत आणि माझ्याकडे बघून बोलत. त्यांनी खिडकी लावून घेतली, बाला उभं करून खोकायला सांगितलं, मग टेबलाच्या खणातून बॅटरी काढली आणि मला म्हणाले, "इकडे या, बघा."

मला बघायचं नव्हतं. बाचं धोतर बाजूला होतं. त्याने मान वर करून आढ्याकडे नजर लावली होती. डॉक्टरांनी सुजेच्या मागून बॅटरी लावली आणि ती सगळी सूज आतून लालसर उजळली, सुरकुत्या न पडलेल्या पिकल्या टोमॅटोसारखी. ते म्हणाले, प्रकाश आरपार जातोय म्हणजे आत पाणी आहे. गाठ नाही, आतडंही उतरलेलं नाही. याला हायड्रोसिल म्हणतात.

पुढे ते बरंच बोलले. आज मला ते जवळजवळ शब्दशः आठवतं, आणि ते आठवतं हीच माझी शरम आहे. त्यांनी सांगितलं की पाणी आहे म्हणून लगेच कापायची गरज नसते. पुष्कळ माणसं अशी सूज घेऊन वर्षानुवर्षं बरी राहतात. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. पण सुजेने चालणं बदललं, ओझं उचलता येईना, बसता येईना, कातडी घासून सोलायला लागली, लघवीला त्रास व्हायला लागला, तर थांबायचं नाही, शस्त्रक्रिया करून घ्यायची. अचानक दुखायला लागलं, ताप आला, सूज गरम किंवा लाल झाली, तर त्याच दिवशी यायचं. बोटाला आत घट्ट गाठ लागली तरी यायचं. आणि कुणाकडूनही सुई टोचून पाणी काढून घ्यायचं नाही. पाणी परत भरतं, आणि सुईबरोबर आत घाण गेली तर पू होतो.

मग त्यांनी मला विचारलं, "यांच्या संसारात यामुळे काही अडचण येते का? विचारा त्यांना."

मी बाला विचारलं नाही. "नाही," म्हणालो.

"काम करताना त्रास?"

"नाही."

दोन्ही उत्तरं माझी होती. बा तिथेच उभा होता, धोतराचा काष्टा खोचत होता. त्याला दुसरा प्रश्न तरी नक्की कळला असणार. पण शिकलेला मुलगा बोलतोय म्हटल्यावर त्याने तोंड उघडलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो आणि डॉक्टरांचं बोलणं कधी संपतं याची वाट बघत होतो. मोर्च्यात पोलिसांच्या समोर छाती काढून उभा राहणारा मी, बापाच्या अंगाचं नाव निघालं तर कान झाकायला जागा शोधत होतो.

मोटारीत बाने विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

मोटारीत माणसं होती. पुढच्या बाकावर आमच्याच गावची एक बाई बसली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "पानी हाय. राहू द्या म्हने."

"राहू द्या?"

"हाव."

एवढंच. डॉक्टर पाव तास बोलले, त्यातलं मी चार-पाच शब्दांत बाला दिलं आणि बाकीचं गिळलं. खोटं बोललो असंही म्हणता येणार नाही, म्हणून तर ते मला इतके दिवस पचलं. 'राहू द्या' हे डॉक्टरांनी म्हटलंच होतं. कुठपर्यंत राहू द्यायचं आणि कुठून पुढे नाही, ते मी सांगितलं नाही. माझ्या बाने मुलाचं 'राहू द्या' हुकमासारखं पाळलं.

सहा महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. त्या महिन्यात मी दोन सभा आणि एक उपोषण केलं.

नंतर कुटुंब नियोजनाचं शिबिर आलं. शेजारच्या गावातल्या शाळेत टेबलं लागली, जीपवरून कर्णे फिरले. शिबिराच्या कामातली माणसं वस्त्या-वस्त्यांत हिंडून नसबंदीसाठी पुरुष गोळा करत होती. त्यात त्यांनी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या सालदाराला नेलं. बायको जाऊन दहा वर्षं झालेला माणूस. त्याला सांगितलं होतं की कंबरदुखीचं इंजेक्शन आहे. मोठ्या वाड्यांच्या दारात मात्र ही जीप थांबली नाही. मला राग आला, आणि तो राग खोटा नव्हता हे मी आजही म्हणेन. माणसाला न सांगता त्याच्या अंगाला हात लावणं हा गुन्हाच आहे.

मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत लिहिलं. त्यातला म्हाताऱ्याचा मजकूर खरा होता, जीप कुठे थांबली आणि कुठे नाही हा मजकूर खरा होता. पण पत्रकाला शेवट लागतो, टाळ्या पडतील असा. मी लिहिलं: 'ज्याने कमरेखाली सुरी लावून घेतली, त्याने आपली मर्दानगी सरकारजमा केली.'

हे वाक्य खरं आहे का, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. चांगलं वाजतं का, एवढंच पाहिलं होतं. आणि ते फार चांगलं वाजलं. वस्तीत वाचलं तेव्हा लोकांनी ते दोनदा म्हणायला लावलं. आठ दिवसांत ती गंमत झाली. कुणी पाय ओढत चालला की मागून हाक यायची, "काऊन बे, झाला का सरकारजमा?" आणि सगळे हसायचे. पाय मुरगळलेला माणूसही लंगडायला घाबरू लागला. मी ते ऐकून मनात फुलायचो. लेखकाला याहून काय हवं असतं, त्याची ओळ लोकांच्या तोंडी बसली.

बाने ते पत्रक स्वतः भिंतीला लावलं. दाराच्या बरोबर समोर, जिथे आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल तिथे. खळ जास्त लावली होती, कडांमधून ओघळ आले होते.

त्या हंगामात तो जिनात नेहमीसारखा जात होता. मला पुढे कळलं की मुकादमाने त्याला हलकं काम देऊ केलं होतं, कापूस उलटवायचं, आणि बाने ते नाकारलं होतं. हलकं काम का घेतो, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होता? तो धोतराच्या आत फडक्याची झोळी बांधायचा आणि पाठीवर बोजा घ्यायचा. झोळीच्या काठाने जांघ सोलून निघायची. माय रोज रात्री ते फडकं धुऊन मागच्या अंगणात, गोवऱ्यांच्या आड वाळत घालायची. मी ते फडकं पाहिलं होतं. चुलीचं पोतेरं असेल असं वाटलं.

मग एक दिवस बा चांगला चालू लागला. सुटीत घरी आलो तर तो सरळ चालत होता, पाय फाकत नव्हता. मी मनात म्हटलं, बघा, डॉक्टर म्हणाले तसंच झालं, राहू दिलं आणि बरं झालं. मायला तसं बोलूनही दाखवलं. ती भाकर थापत राहिली.

बा जळगाव जामोदला जाऊन आला होता. खामगाव जवळ असताना तो मोटारी बदलून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेला, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या बाजारात एक जुना कंपाउंडर बसायचा, नोकरी सुटलेला. जाड सुईने पाणी काढून द्यायचा. अर्ध्या घंट्यात माणूस हलका. बाने त्याला नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. पुन्हा पाणी भरलं तेव्हा पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही गेला.

तिसऱ्या वेळी ताप घेऊन आला.

मी घरी पोचलो तेव्हा तो खाटेवर होता, गोधडीखाली थरथरत होता. मायने या वेळी चुलीकडे तोंड केलं नाही. सगळं सांगितलं, कंपाउंडर, सुई, झोळी, सगळं, माझ्या डोळ्यांत बघून. मी बाच्या उशाशी बसलो.

"बा, दवाखान्यात चाल."

"नाही."

"काऊन?"

 त्याने गोधडीतून हात काढून समोरच्या भिंतीकडे केला. "ते वाच."

"ते शिबिरावर लिहेलं हाय, बा. दुखन्यावर नाही."

"डाक्टर कापन ना? खालीच कापन ना?" तो थांबून थांबून बोलत होता. "लोकं इचारत नाही काऊन कापलं. तूच लिहेलं हाय. म्या नाही लिहेलं."

माय उठली आणि भिंतीकडे गेली. पत्रकाच्या कोपऱ्याला तिने नख लावलं.

"हात नोको लावू," बा म्हणाला. "पोरानं लिहेलं हाय."

 ज्या माणसाने काठीने ओळ दाखवून मला वाचायला शिकवलं, त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने छापलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला. मला लिहिता येत होतं, म्हणून मी माझ्या एकाही शब्दावर थांबून विचार केला नव्हता.

मी समजावू लागलो. तेही भाषणासारखंच निघत होतं. मायने मला हाताने गप्प केलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि अगदी साध्या आवाजात, जणू पाणी भरायचं राहिलंय असं सांगावं तशी, म्हणाली, "तुमची मर्दानगी मले ठाव हाय. लोकायले काऊन दाखवता?"

मी खाली बघितलं. बाला मात्र हसू आलं. तापात, दुखण्यात, त्याच्या मिशीखाली हसू आलं आणि दुखलं म्हणून लगेच विरलं. मग तो म्हणाला, "बंडी जुपाले सांग."

शेजारच्या काकांनी बंडी जुंपली. हे काका म्हणजे 'सरकारजमा'चा सगळ्यात जास्त वापर करणारा माणूस.  त्या दिवशी त्यांनी गवताचा थर दुप्पट टाकला आणि बैलांना सगळी वाट चालीनेच नेलं.

डॉक्टर तेच होते. त्यांनी खिडकी लावली, बॅटरी लावली. या वेळी मी बघितलं. काही उजळलं नाही. सूज लाल होती, तापलेली होती, पण प्रकाश आत शिरत नव्हता. डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि वर बघितलं ते माझ्याकडे.

"तुम्हाला मी सगळं समजावून सांगितलं होतं ना? सुई लावू देऊ नका म्हणून? कधी यायचं ते?"

"हो," मी म्हणालो.

बाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच त्याला कळलं. जळगावच्या तीन फेऱ्या, झोळी, सोललेली जांघ, हे सगळं टाळता येण्यासारखं होतं आणि ते टाळायचं कसं हे त्याच्या मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं. रागाची मी वाट बघत होतो. राग आला असता तर बरं झालं असतं.

तो डॉक्टरांना म्हणाला, "पोरानं सांगतलं होतं, साहेब. म्याच आयकलं नाही."

डॉक्टरांना ते वाक्य पूर्ण कळलं. त्यांनी बाला चार शब्द सुनावले, स्वतःच्या जिवाशी खेळता, शिकलेल्या मुलाचं ऐकत नाही. बा मान हलवत राहिला. मी तिथे उभा होतो. मी खरं सांगू शकलो असतो. 'नाही डॉक्टर, मी सांगितलं नाही,' एवढंच वाक्य होतं, पत्रकात असली वाक्यं मी दुसऱ्यांकडून किती वेळा मागितली होती, कबूल करा, जाब द्या म्हणून. माझ्या तोंडून ते निघालं नाही. बाने माझी लाज स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.

शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली. पू झाला होता आणि तो आतपर्यंत गेला होता, म्हणून एका बाजूचं काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असता तर पाण्याची पिशवी उघडून तेवढीच शिवून टाकली असती. आठ-दहा दिवसांत घरी, दोन-तीन महिन्यांत पुन्हा बोजा. आता जीव वाचला यात समाधान माना. बाने समाधान मानलं. मी मानलेलं नाही.

महिनाभर तो दवाखान्यात होता. त्या महिन्यात मी त्याची ड्रेसिंग बघितली, भांडं दिलं, धोतर बदललं. पहिल्या दिवशी मी हे मान फिरवून केलं, चौथ्या दिवशी समोर बघून. ज्या अंगाकडे बघायला लाजून मी कॅलेंडर वाचत बसलो होतो, ते हात-पायासारखंच अंग होतं. चार दिवसांत सवय झाली. चार दिवसांच्या सवयीसाठी मी त्याचं दीड वर्ष घालवलं.

एकदा ड्रेसिंग झाल्यावर मी त्याला म्हणालो, बा, त्या दिवशी मोटारीत मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. मला वाटलं तो विचारेल, का नाही. तो म्हणाला, त्याला मोटारीतच समजलं होतं की मी काहीतरी ठेवून घेतोय. वाईट आजार असेल आणि पोरगा आपल्याला जपतोय, असं त्याला वाटलं होतं. म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून.

घरी आल्यावर वस्तीतली माणसं भेटायला येत. दाराशी बसत, पिकापाण्याचं बोलत आणि मधूनच धोतराकडे बघत. शेवटी एकाने, बाच्याच वयाच्या जिनातल्या सोबत्याने, हसत विचारलं, "काऊन गा, सरकारनं नेलं का?"

 मी आत होतो. मला वाटलं, आता बाहेर जाऊन या माणसाची कॉलर धरावी.

बा म्हणाला, "सरकारनं नाही नेलं. लाजेनं नेलं. पानी भरलं होतं, लाजलो, अर्धं गेलं. तू काऊन एवढ्या लांब पाय टाकून बसतं?"

सोबत्याचं हसू गेलं. त्याने पाय ओढून घेतला आणि धोतर सारखं केलं. दुसऱ्या दिवशी तो एकटा आला, बाला भेटायला म्हणून, आणि निघताना मला गोठ्यामागे नेऊन विचारलं, तो बॅटरीवाला डॉक्टर कोणत्या वारी असतो. मी सांगितलं. त्याची सूज लहान होती, बॅटरी लावली, प्रकाश आरपार गेला, आणि डॉक्टरांनी त्याला खरोखर 'राहू द्या' सांगितलं. तो बोजे उचलतो, त्याला त्रास नाही, दर सहा महिन्यांनी दाखवून येतो. त्याच्यासोबत मी गेलो होतो. बाहेर येताच, मोटारस्टँडवर, माणसांत, मी त्याला डॉक्टरांचं एकेक वाक्य सांगितलं. कधी थांबायचं, कधी नाही. शेजारी उभ्या बाईने पदर तोंडाला लावला.  तरीही सांगून संपवलं.

बा आता बोजा उचलत नाही. जिनाच्या दारात तो गाड्या मोजायला बसतो. मुकादमाने दिलेलं हलकं काम या वेळी त्याने घेतलं.

मी नवीन पत्रक लिहायला बसलो होतो. पहिलं चुकलं, हे सांगणारं. तीन वेळा बसलो. शोषण, दास्य, विद्रोह, हे शब्द माझ्या टाकातून पाण्यासारखे येतात. पण माणसाच्या एका अवयवाचं नाव लिहायला हात थांबायचा. मी 'ते' लिहायचो, 'खाली' लिहायचो, 'त्या जागी' लिहायचो आणि खोडायचो. या मजकुरातही वर मी किती ठिकाणी तेच केलंय, बघा. अंडकोष. लिहिला. काही कोसळलं नाही.

शिबिरातल्या फसवणुकीबद्दल मी जे लिहिलं होतं त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. न सांगता कुणाच्याही अंगाला सुरी लावू नये. पण न सांगता कुणाला सुरीपासून दूर ठेवणं हेही तेच पाप आहे, आणि ते मी केलं, माझ्या बापाशी केलं. शिबिरवाल्यांनी त्या म्हाताऱ्याला अर्धं सांगितलं होतं. मीही अर्धंच सांगितलं.

म्हणून वाचणाऱ्याकडे माझं मागणं आहे. घोषणा नको, सभा नको. तुमच्या घरात बाप असेल, थोरला भाऊ असेल, काका असेल, आणि त्याचं चालणं, बसणं, ओझं उचलणं बदललं असेल, तर या आठवड्यात त्याला विचारा. नाव घेऊन विचारा. त्याला दिवसाउजेडी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर त्यांना सांगा, यांच्याशी बोला, दुखणं यांचं आहे. सुईवाल्याकडे जाऊ देऊ नका. डॉक्टर 'राहू द्या' म्हणाले, तर कुठपर्यंत राहू द्यायचं ते विचारा. आणि बाहेर आल्यावर, मोटारीत कुणीही बसलेलं असो, डॉक्टर जे जे बोलले ते सगळं त्याला सांगा. एक शब्दही स्वतःकडे ठेवू नका.